पेशींची संख्या आणि पेशींची ओळख: मूलपेशींच्या सिग्नलिंगवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

मूलपेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या, सिग्नलिंगवर (पेशींना मिळणाऱ्या रासायनिक संदेशांवर) नव्याने काम करणाऱ्यांच्या वह्यांमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: 'पेशी छान वाढल्या, मूलपेशी टिकल्या.' या वाक्याचे दोन भाग एकमेकांपासून तोडायला शिकणं हा या कामाचा खरा श्रीगणेशा. पेशी विभागली जाणं ही एक घटना आहे आणि विभागल्यावरही तिने मूलपेशीच राहणं ही दुसरी. दोन्ही कधी एकाच पाथवेवर (संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनांच्या साखळीवर) चालतात, कधी वेगवेगळ्या, आणि कधी तर एक वाढवलं की दुसरं ढासळतं. कुठलाही प्रयोग आखण्याआधी कागदावर दोन रकाने पाडा, एक संख्येचा आणि एक ओळखीचा. प्रत्येक रकान्यात काय मोजणार ते लिहा. एक रकाना रिकामा राहिला, तर प्रयोग अजून आखून झालेला नाही.

हे शिकायला सर्वांत सोयीची पेशी म्हणजे उंदराची भ्रूणीय मूलपेशी. १९८१ साली मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे गेल मार्टिन यांनी, ती पहिल्यांदा डिशमध्ये वाढवली. तेव्हा खाली फीडर, म्हणजे आधार देणाऱ्या, पेशींचा थर असायचा आणि मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या पोषक द्रावणात, सीरम. फीडरच्या कामाचा मोठा वाटा लिफ नावाचं प्रथिन उचलतं, हे १९८८ मध्ये कळलं. लिफ आपल्या रिसेप्टरला (पेशीवरच्या ग्राहक प्रथिनाला) आणि त्याच्या जोडीच्या जीपी१३०ला जोडतं, जॅक कायनेज (फॉस्फेट बसवणारी एन्झाइमं) जागी होतात, आणि स्टॅट३ या प्रथिनाच्या ७०५ क्रमांकाच्या टायरोसिनवर फॉस्फेट बसतं. मग स्टॅट३ केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतं. २००३ मध्ये दिसलं की लिफच्या जोडीला बीएमपी४ हे सिग्नल देणारं प्रथिन दिलं तर सीरमची गरज उरत नाही. बीएमपीमुळे आयडी जनुकं चालू होतात आणि ती पेशीला चेतापेशींच्या वाटेला जाऊ देत नाहीत.

पण विचारांची दिशा बदलली २००८ मध्ये. भ्रूणीय मूलपेशी स्वतःच एफजीएफ४ हे सिग्नल देणारं प्रथिन सोडतात. ते एर्क पाथवे चालवतं, आणि एर्क पेशीला मूलपेशीपणातून बाहेर ढकलतं. म्हणजे बाहेर पडण्याचा धक्का पेशी स्वतःलाच देत असते. मेक (एर्कला चालू करणारं कायनेज) रोखणारं पीडी०३२५९०१, पुढे नुसतं 'पीडी', आणि जीएसके३ (बीटा-कॅटेनिन नष्ट करवणारं कायनेज) रोखणारं सीएचआयआर९९०२१, पुढे 'चिर', एकत्र दिलं की हा धक्का थांबतो. यालाच 'टू-आय', म्हणजे दोन इनहिबिटर (रोखणारी रसायनं), म्हणतात. इथे दोन्ही रकाने पाहा. सीरम-लिफमध्ये पेशी वेगाने वाढतात, पण नॅनॉग या मूलपेशीपणाची खूण असलेल्या प्रथिनाचं प्रमाण पेशीगणिक वेगळं असतं आणि कडेच्या पेशी चपट्या होत जातात. टू-आयमध्ये जी१, म्हणजे डीएनए दुप्पट होण्याआधीचा, टप्पा लांबतो, वाढ थोडी मंदावते, पण पेशी एकसारख्या राहतात आणि वसाहती गोल, घुमटासारख्या दिसतात. संख्या कमी असूनही ओळख पक्की आहे.

याच पेशींनी आणखी एक गोष्ट शिकवली. १९९९ मध्ये दाखवलं गेलं की टॅमॉक्सिफेनने चालू होणारं स्टॅट३ बसवलं, तर लिफशिवायही पेशी टिकतात. यावरून स्टॅट३ पुरेसं आहे हे सिद्ध झालं. पुढे टू-आयमध्ये स्टॅट३ अजिबात नसलेल्या पेशीही वाढवता आल्या. म्हणजे पुरेसं असलेलं स्टॅट३ प्रत्येक परिस्थितीत आवश्यक नाही. 'अमुक पाथवे मूलपेशी टिकवतो' असं लिहिताना कोणत्या मीडियममध्ये हे जोडलं नाही, तर ते वाक्य अपुरं आहे. प्रबंधांत आणि सेमिनारांत या एका उणिवेमुळे निष्फळ वाद होताना दिसतात, म्हणून यावर आमचा भर आहे.

मीडियम बनवताना

टू-आय-लिफचं ५० मिलिलीटर मीडियम बनवायचं आहे असं समजा. पीडी १ मायक्रोमोलर हवं, चिर ३ मायक्रोमोलर आणि लिफ मिलिलीटरला १००० युनिट. दोन्ही इनहिबिटरचे साठे डीएमएसओ या द्रावकामध्ये १० मिलिमोलरचे असतील, तर पीडी ५ मायक्रोलीटर आणि चिर १५ मायक्रोलीटर लागेल. लिफचा साठा मिलिलीटरला १ कोटी युनिटचा असेल, तर त्याचेही ५ मायक्रोलीटर. डीएमएसओ एकूण २० मायक्रोलीटर झालं, म्हणजे ०.०४ टक्के. कंट्रोलच्या डिशमध्येही तेवढंच डीएमएसओ गेलं पाहिजे. ०.१ टक्क्याच्या वर शक्यतो जाऊ नका. डीएमएसओ जास्त झालं तर ते स्वतःच पेशींची अवस्था बदलू लागतं.

५ मायक्रोलीटरपेक्षा कमी मोजायची वेळ आली, तर आधी साठा पातळ करा. १ मायक्रोलीटर पिपेटने घेताना टोकाच्या बाहेर चिकटलेला थेंबसुद्धा मोठी चूक करतो. चिर गार असताना खाली बसतं, म्हणून साठा पूर्ण वितळवून, हलवून, डोळ्यांनी स्वच्छ दिसल्यावरच वापरा. खाली बसलेलं औषध तसंच राहिलं, तर पहिल्या बाटलीत कमी आणि शेवटच्या बाटलीत भरमसाठ जातं. अशा वेळी 'बॅचचा फरक' म्हणून ज्याला नाव ठेवलं जातं ते खरं तर एवढंच असतं.

प्रथिनांची गोष्ट वेगळी आहे. टीजीएफ-बीटा आणि बीएमपी४ सहसा ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवतात, सोबत बोवाइन अल्ब्युमिन घालून. अल्ब्युमिन नसेल तर नॅनोग्रॅममधलं प्रथिन नळीच्या प्लास्टिकला चिकटून बसतं आणि पेशींपर्यंत पोहोचतच नाही. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवू नका. १० किंवा २० मायक्रोलीटरचे छोटे भाग करून उणे ८० अंशावर ठेवा.

आणि मीडियममध्ये तुम्ही न घातलेले सिग्नल कोणते आहेत, तेही लिहून ठेवा. सीरममध्ये बीएमपी असतं. एन२ आणि बी२७ या सीरमऐवजी वापरायच्या पूरक मिश्रणांमध्ये इन्सुलिन भरपूर असतं, त्यामुळे पीआय३-कायनेज पाथवे कायम चालू असतो. साध्या मॅट्रिजेलमध्ये (पेशी वाढवायच्या प्रथिनांच्या जेलमध्ये) टीजीएफ-बीटा आणि आयजीएफ असतात. एल-पेशींपासून (उंदराच्या एका पेशी-लाइनपासून) बनवलेल्या विंट३ए या सिग्नल-प्रथिनाच्या कंडिशन्ड मीडियममध्ये (पेशींनी प्रथिन सोडलेल्या मीडियममध्ये) सीरमही येतं, म्हणून त्याचा कंट्रोल म्हणजे विंट न बनवणाऱ्या एल-पेशींचं मीडियम. साधं ताजं मीडियम तिथे चालत नाही.

सिग्नल कधी पाहायचा

नव्या माणसाचा पहिला वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीने प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) बहुतेक वेळा २४ तासांनंतरचा असतो, आणि त्यात काहीच दिसत नाही. फॉस्फेटचे सिग्नल मिनिटांत येतात आणि ओसरतात. एर्कची शिखरवेळ ५ ते १० मिनिटं. स्टॅट३ची १५ ते ३० मिनिटं, कारण त्यानंतर स्टॅट३नेच चालू केलेलं एसओसीएस३ वरच्या जॅकला दाबतं. टीजीएफ-बीटाने चालू होणाऱ्या स्मॅड२ साठी ३० ते ६० मिनिटं धरा. विंटचं गणित निराळं आहे. तिथे बीटा-कॅटेनिन नष्ट होणं थांबतं, त्यामुळे ते साचायला तास लागतात. अ‍ॅक्सिन२ या विंटच्या लक्ष्य जनुकाचा आरएनए ४ ते ६ तासांनी मोजलात तर उत्तर मिळतं.

बीटा-कॅटेनिनबद्दल एक सावधगिरी. त्याचा मोठा साठा ई-कॅडहेरिनसोबत पेशीपटलावर असतो आणि त्याचा सिग्नलशी थेट संबंध नसतो. संपूर्ण पेशीचा अर्क लावला तर हाच साठा पट्टी भरून टाकतो आणि खरा बदल झाकला जातो. केंद्रकाचा भाग वेगळा करा, किंवा फॉस्फेट नसलेलं बीटा-कॅटेनिन ओळखणारी अँटिबॉडी वापरा. रिपोर्टर (सिग्नल आला की चमक देणारं जनुक) वापरत असाल तर विंटला प्रतिसाद देणाऱ्या टॉपफ्लॅशच्या शेजारी प्रतिसाद न देणारा फॉपफ्लॅश हवाच.

पायाभूत पातळी खाली आणायला पेशींना लिफ नसलेल्या मीडियममध्ये ४ ते ६ तास ठेवतात. त्यानंतर मीडियम बदलून लिफ देऊ नका, कारण ताजं मीडियम टाकण्यानेच एर्क उसळतं. लिफ दहापट घट्ट करून त्याच डिशमध्ये थोडं मिसळा आणि कंट्रोलमध्ये तेवढंच लिफविरहित द्रावण मिसळा. वेळ संपली की डिश थेट बर्फावर, गार बफरने एकदा धुणं, आणि लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणाऱ्या द्रावणात), फॉस्फेट निघून जाऊ नये म्हणून, १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट व १० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड. व्हॅनाडेट पीएच १० ला आणून रंगहीन होईपर्यंत उकळलेलं असावं, नाहीतर ते नीट काम करत नाही. ब्लॉटवरच्या मोकळ्या जागा झाकायला (ब्लॉकिंगला) दुधाऐवजी ५ टक्के अल्ब्युमिन घ्या. दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फेट धरून असतं, त्यामुळे पार्श्वभूमी वाढते.

दोन रकाने कसे भरायचे

संख्येचा रकाना दिसतो त्यापेक्षा फसवा आहे. डिशमधली संख्या तीन गोष्टींनी ठरते: किती पेशी चिकटल्या, किती विभागल्या, किती मेल्या. १२ तासांनी दुप्पट होणारी पेशी ६ दिवसांत १२ वेळा दुप्पट होते, म्हणजे एकाच्या ४०९६. तीच १४ तास घेत असेल तर साधारण १२५०. दोन तासांच्या फरकाने शेवटचा आकडा तिपटीहून जास्त बदलला. म्हणून एकच दिवस मोजून 'वाढ कमी झाली' असं म्हणू नका. पेरल्यानंतर १२ तासांनी, मग २४, ४८ आणि ७२ तासांनी मोजा. पहिला आकडा चिकटण्याचा हिशेब देतो, बाकीचे वेगाचा. मृत पेशींसाठी क्लीव्ह्ड कॅस्पेज-३ वेगळं पाहा.

ईडीयू (नव्या डीएनएत शिरणारं रसायन) १० मायक्रोमोलर देऊन अर्धा तास थांबलात तर एस, म्हणजे डीएनए दुप्पट होण्याच्या, टप्प्यातल्या पेशी रंगतात. केआय६७ विश्रांतीत नसलेली प्रत्येक पेशी दाखवतं, आणि फॉस्फो-हिस्टोन एच३ फक्त विभाजनाच्या क्षणी असलेली. उंदराच्या भ्रूणीय मूलपेशी बहुतांश वेळ एस टप्प्यातच असतात, त्यामुळे केआय६७ जवळपास सगळ्यांत दिसतं आणि फरक कळत नाही. इथे ईडीयूबरोबर डीएनएचं प्रमाण फ्लोसायटोमीटरवर मोजून जी१ची लांबी काढा. पेशींत जीएफपी असेल तर लक्षात ठेवा, ईडीयूच्या क्लिक रसायनातलं तांबं जीएफपीची चमक मारतं. मग जीएफपी अँटिबॉडीने पाहावं लागतं.

ओळखीच्या रकान्यासाठी ऑक्ट४ आणि नॅनॉग या खुणांचा रंग ही फक्त सुरुवात. मूलपेशीपणा हा पेशीच्या भविष्याबद्दलचा दावा आहे, म्हणून तो पेशीला पुढे काही करायला लावूनच तपासावा लागतो. त्याची साधी चाचणी वसाहतींची. सहा खणांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खणात ६०० पेशी, एकेकट्या आणि विरळ, पेरा. ५ ते ६ दिवसांनी अल्कलाइन फॉस्फटेजने रंगवा. पूर्ण रंगलेल्या, अर्धवट रंगलेल्या आणि न रंगलेल्या वसाहती वेगवेगळ्या मोजा. वसाहतींची संख्या तगणं सांगते, तर रंगलेल्यांचं प्रमाण ओळख सांगतं. दुसरी आवृत्ती याहून बोलकी आहे: टू-आय आणि लिफ काढून पेशी २४ किंवा ४८ तास ठेवा, मग पुन्हा टू-आयमध्ये विरळ पेरा. चांगल्या लाइनमध्ये ४८ तासांनंतर फारच थोड्या वसाहती परत येतात. एखादं जनुक काढल्यावर त्या भरपूर आल्या, तर बाहेर पडण्याच्या वाटेतला एक दुवा हाती लागला. प्लेट बनवताना पेशी नीट सुट्या झाल्या आहेत ना, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. दोन-तीन पेशींचे पुंजके राहिले तर सगळी मोजणी वाया जाते.

इतर मूलपेशींत हाच फरक

आतड्याच्या मूलपेशींत हे फार सुंदर दिसतं. २००७ मध्ये एलजीआर५ ही त्यांची खूण सापडली आणि २००९ मध्ये ऑर्गनॉइड, म्हणजे डिशमधल्या आतड्याच्या छोट्या प्रतिकृती, तयार झाले. मीडियममध्ये मिलिलीटरला ईजीएफ ५० नॅनोग्रॅम, नॉगिन १०० नॅनोग्रॅम आणि आर-स्पॉन्डिन ५०० नॅनोग्रॅम. नॉगिन बीएमपी रोखतं, आर-स्पॉन्डिन विंटचा आवाज वाढवतं, आणि उंदराच्या ऑर्गनॉइडमध्ये विंट३ शेजारच्या पॅनेथ पेशी पुरवतात. आता ईजीएफचा सिग्नल बंद करा: एलजीआर५ असलेल्या पेशी विश्रांतीत जातात, विभागणी थांबते, पण खूण राहते आणि सिग्नल परत दिला की त्या पुन्हा विभागू लागतात. उलट विंट प्रमाणाबाहेर गेलं की अंकुर फुटलेल्या ऑर्गनॉइडऐवजी गोल फुगे दिसतात. म्हणून या कामात रोजचं छायाचित्र हेही मोजमाप आहे. मॅट्रिजेल रात्रभर ४ अंशांवर, बर्फात वितळवा आणि प्लेट आधीपासून ३७ अंशांवर ठेवा. थेंब पसरला तर प्लेट गार होती असं समजा.

रक्ताच्या मूलपेशी याच्या दुसऱ्या टोकाला. प्रौढ उंदरात त्यांपैकी बहुतेक विश्रांतीत असतात. त्यांच्यातलं पीटेन हे लगाम घालणारं जनुक काढलं की पीआय३-कायनेज पाथवे मोकाट सुटतो, पेशी विभागू लागतात, काही काळ संख्या वाढते, आणि मग मूलपेशींचा साठाच संपतो. २००६ मध्ये हे दाखवलं गेलं, आणि रॅपामायसिन दिल्यावर ही झीज थांबते हेही. इथे ओळखीची खरी चाचणी प्रत्यारोपणाचीच: १६ आठवडे थांबायचं, मग दुसऱ्या प्राण्यात पुन्हा प्रत्यारोपण. यात एक सापळा आहे. जनुक काढण्यासाठी एमएक्स१-क्रे (इंटरफेरॉनने चालू होणारं, डीएनए कापणारं एन्झाइम) वापरताना दिलं जाणारं पॉली आय-सी इंटरफेरॉन वाढवतं. इंटरफेरॉन एकट्यानेच झोपलेल्या मूलपेशी जागवतं आणि एससीए१ या त्यांच्या खुणेचं प्रमाणही वाढवतं, त्यामुळे फ्लोसायटोमीटरवरचं गेटच (पेशी निवडण्याची सीमा) सरकतं. क्रे नसलेल्या उंदरांनाही पॉली आय-सी द्या आणि तपासणीआधी काही आठवडे जाऊ द्या.

माणसाच्या बहुक्षम मूलपेशींवर येताना उंदराचे नियम तसेच आणू नका. १९९८ मध्ये जेम्स थॉमसन यांनी त्या वेगळ्या केल्या. नेहमीच्या पद्धतीने वाढवल्यावर त्या भ्रूणाच्या पुढच्या अवस्थेशी जुळतात. त्यांना लिफ टिकवत नाही. त्यांना एफजीएफ२ आणि टीजीएफ-बीटा किंवा अ‍ॅक्टिव्हिन लागतं. उंदरात बाहेर ढकलणारं एर्क इथे टिकवण्याच्या बाजूने असतं, आणि स्मॅड२/३ थेट नॅनॉगच्या जनुकाशी बसतं. उंदरात ३ मायक्रोमोलरला उपयोगी पडणारं चिर इथे ६ ते १२ मायक्रोमोलरला गेलं की दिवसभरात पेशी मेसोडर्मच्या वाटेला लागतात.

व्यवहारात इथे सर्वांत जास्त घोळ एफजीएफ२ घालतं. माणसाच्या पेशींसाठीच्या ई८ मीडियममध्ये ते मिलिलीटरला १०० नॅनोग्रॅम असतं, पण ३७ अंशांवर ते दिवसभरातच निकामी होत जातं. म्हणून रोज मीडियम बदलतात, आणि म्हणूनच पूर्ण बाटली वॉटर बाथमध्ये ठेवायची नसते. लागेल तेवढंच मीडियम बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मीडियम दिल्यावर एका तासाने आणि २३ तासांनी घेतलेल्या नमुन्यांत एर्कची पातळी वेगळीच येणार. दोन गटांचे नमुने मीडियम दिल्यानंतर अगदी सारख्या वेळाने घ्या. पेशी सुट्या करून पेरताना १० मायक्रोमोलर वाय-२७६३२ हा रॉक कायनेजचा इनहिबिटर पहिले २४ तास देतात, नाहीतर बहुतेक पेशी मरतात. पण ते पेशीच्या आतला ताण आणि त्यावर चालणारं याप प्रथिन बदलतं, तेव्हा ते काढल्यावर आणखी एक दिवस जाऊ द्या आणि मगच सिग्नलचा प्रयोग सुरू करा.

पाथवेंचा क्रम कसा लावायचा हे शिकायचं असेल तर फळमाशीचं अंडाशय वाचा. तिथे प्रत्येक जर्मेरियममध्ये (अंडाशयातल्या नळीच्या टोकाच्या भागात) दोन-तीनच मूलपेशी असतात, टोपीसारख्या पेशींना चिकटलेल्या. त्या जागेतून येणारं डीपीपी, म्हणजे माशीतलं बीएमपी, बॅम हे विभेदन (ठरावीक पेशीत बदलणं) घडवणारं जनुक बंद ठेवतं. डीपीपी वाढवलं की मूलपेशींसारख्या पेशी साचतात. बॅम काढलं तरी साचतात. बॅम जबरदस्तीने चालू केलं तर जागेला चिकटलेल्या मूलपेशीही विभेदित होतात. तीन निरीक्षणांत पूर्ण तर्क बसतो. आपल्या प्रयोगाची आखणीही याच तीन चालींत मांडून पाहा.

वाढ फसवते तेव्हा

कधी कधी 'या इनहिबिटरने पेशी जोमाने वाढल्या' असं दिसतं आणि पाथवेचा त्यात काहीच हात नसतो. डिशमध्ये एखादा गुणसूत्री बदल झालेली पेशी बाकीच्यांना मागे टाकते. उंदराच्या पेशींत आठव्या गुणसूत्राची जादा प्रत, तर माणसाच्या पेशींत १२ किंवा १७ क्रमांकाचं जादा गुणसूत्र, किंवा २०क्यू११.२१ हा भाग दुप्पट होणं हे नेहमीचे बदल. शेवटच्या भागात बीसीएल२एल१ हे मृत्यू टाळणारं जनुक आहे. तो बदल इतका लहान असतो की साध्या कॅरिओटाइपमध्ये (गुणसूत्रांच्या चित्रात) सुटू शकतो, म्हणून त्यासाठी क्यूपीसीआर किंवा फिश (तो भाग मोजणाऱ्या किंवा रंगवून दाखवणाऱ्या चाचण्या) वेगळं करा. वाय-२७६३२ शिवायही पेशी अचानक चांगल्या तगू लागल्या, तर आनंद मानण्याआधी हे तपासा. दर १० पॅसेजना (पेशी सुट्या करून नव्या डिशमध्ये पेरण्याच्या फेऱ्यांना) गुणसूत्रं आणि दर महिन्याला मायकोप्लाझ्मा (डिशमध्ये शिरणारे सूक्ष्म जिवाणू) तपासणं हे किमान.

टू-आयबद्दलही एक इशारा. १ मायक्रोमोलर पीडीमध्ये दीर्घकाळ ठेवलेल्या उंदराच्या पेशींत डीएनए मेथिलेशन (डीएनएवरच्या रासायनिक खुणा) घसरतं आणि इम्प्रिंटिंग (आईच्या आणि वडिलांच्या प्रतीवरच्या वेगवेगळ्या खुणा) पुसलं जातं, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. वसाहती अप्रतिम दिसतात, ऑक्ट४ भरपूर असतं, पण भ्रूणात घातल्यावर त्या पेशींची क्षमता कमी पडते. सुरुवातीच्या पॅसेजच्या भरपूर नळ्या गोठवून ठेवा आणि प्रयोग सहा-आठ पॅसेजच्या मर्यादेत संपवा.

इनहिबिटरवर एकट्यावर कधीच निष्कर्ष काढू नका. त्याच पाथवेचा रासायनिक रचनेने वेगळा असा दुसरा इनहिबिटर घ्या, मात्रांची किमान पाच पायऱ्यांची मालिका लावा, आणि पाथवे खरोखर बंद झाला हे त्याच डिशमधून फॉस्फेट किंवा लक्ष्य जनुकावर दाखवा. चिरचा परिणाम विंटचाच असेल, तर शुद्ध विंट३ए दिल्यावरही त्याच दिशेने जायला हवा. नसेल जात, तर जीएसके३ इतर अनेक पाथवेंतही काम करतं हे लक्षात घेऊन पुढचा प्रयोग आखा.

पहिल्या तीन महिन्यांसाठी आम्ही नव्यांना एकच काम सुचवतो. एक लाइन, तीन मीडियम: सीरम-लिफ, टू-आय-लिफ, आणि काहीच नसलेलं एन२बी२७. प्रत्येकात वाढीचा आलेख, ईडीयू, वसाहतींची चाचणी, आणि स्टॅट३ व एर्कचे ब्लॉट. तीन वेगवेगळ्या आठवड्यांत, तीन वेगवेगळ्या वितळवलेल्या नळ्यांपासून. एकाच डिशचे तीन खण म्हणजे तीन प्रयोग होत नाहीत. वहीत प्रत्येक वेळी पॅसेज क्रमांक, पेरलेली संख्या, मीडियम बनवल्याची तारीख, लिफचा बॅच क्रमांक आणि शेवटचं मीडियम बदलल्यापासून गेलेले तास लिहा. शेवटचा आकडा सगळ्यात जास्त वेळा लिहायचा राहतो, आणि ब्लॉट जुळत नाहीत तेव्हा सर्वांत आधी तोच शोधावा लागतो.